पोटातलं बाळ कुणाच्या शिदोरीवर वाढतं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई २९ वर्षांच्या आहेत आणि त्यांना अकरावा आठवडा चालू आहे. त्या स्वतः जन्मल्या तेव्हा वजन २.१ किलो होतं. वडिलांना ३८व्या वर्षी मधुमेह निघाला. दिवस गेल्याचं उशिरा कळल्यामुळे फॉलिक ॲसिड आठव्या आठवड्यात सुरू झालं. तोवर सासऱ्यांचं आजारपण, दवाखान्याच्या खेपा, नोकरी आणि त्यात जेवणाची हेळसांड. आता 'माणसाचं आयुष्यभराचं आरोग्य गर्भातच ठरतं' असं कुठेतरी वाचल्यापासून त्यांना झोप नाही. माझ्या हेळसांडीने बाळाचं कायमचं नुकसान झालं का, हा त्यांचा प्रश्न. सासूबाईंचं म्हणणं, बेताचं खा, बाळ मोठं झालं तर सिझर होईल. घरात १६ वर्षांची नणंद आहे. 'तुमचं उत्तर मी घरात सगळ्यांसमोर वाचणार आहे,' असं त्यांनी शेवटी लिहिलंय. म्हणून मीही सगळ्यांना उद्देशूनच लिहिते. प्रसूतितज्ज्ञ म्हणून २६ वर्षं काम करताना हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून शेकडो वेळा ऐकलाय.

ताई, तुमची झोप उडवणारा शब्द आहे 'ठरतं'. तो आधी बाजूला काढू. गर्भात कल तयार होतो, निकाल लागत नाही. मूत्रपिंडाचं बघा. रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, ज्यांना आम्ही नेफ्रॉन म्हणतो, त्यातल्या निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात. ३६व्या आठवड्याच्या सुमारास हे काम संपतं आणि जन्मानंतर नवी गाळणी होत नाही. कुणाच्या एका मूत्रपिंडात दोन-तीन लाख असतात, कुणाच्या दहा लाखांहून जास्त. पोटात पोषण कमी पडलेल्या बाळाला त्या कमी मिळतात. मग आहेत त्या जास्त राबतात आणि चाळिशीत रक्तदाब चढायला लागू शकतो. पण हाच माणूस मीठ बेतात ठेवेल, वजन वाढू देणार नाही, वर्षातून एकदा रक्तदाब तपासेल, तर त्याचं आयुष्य दुसऱ्या कुणाइतकंच ठणठणीत जाऊ शकतं. भांडवल कमी मिळालं म्हणून धंदा बुडतोच असं नाही, फक्त कमी आहे हे माहीत असावं लागतं.

जन्माच्या वजनाचा पुढच्या आरोग्याशी संबंध आहे हे कळलं ते जुन्या वह्यांमुळे. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळांचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहीत होत्या. पुढे डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांना त्या वह्या मिळाल्या. १९११ ते १९३० या काळात तिथे जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं हे त्यांच्या गटाने शोधलं आणि १९८९मध्ये प्रसिद्ध केलं. जन्माला आणि वर्षाला ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. तोवर हृदयविकार म्हटला की सिगारेट, तूप आणि बैठं काम एवढीच चर्चा असायची. पाळण्यातल्या वजनाचा साठाव्या वर्षीच्या हृदयाशी संबंध असेल हे बरीच वर्षं कुणी मानायला तयार नव्हतं.

आपल्याकडचं चित्र आणखी वेगळं आहे, आणि ते आपल्या पुण्यातच उलगडलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या बायकांची नोंद सुरू केली. दिवस जाण्याआधीपासून वजन, उंची, जेवण, काम, रक्त, सगळं मोजलं. आया सरासरी ४२ किलोच्या. बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे, आणि ते मी हाताने अनुभवते. परवाच एक बाळ २,४५० ग्रॅम भरलं. मांड्या काडीसारख्या, ढुंगणावरची कातडी सैल, पोट खपाटीला. पण त्याला पालथं करून खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरली तर तिथे चरबीची मऊ गादी लागते. स्नायू नाहीत, यकृत लहान, पण चरबी राखून ठेवलेली. पुण्याच्या अभ्यासातही हेच निघालं: आपली बाळं दिसायला बारीक, पण त्या बारीक देहात चरबीचा वाटा जास्त. डॉ. याज्ञिक अशा बाळाला बारीक पण चरबीयुक्त म्हणतात. मोठेपणीही तोच साचा दिसतो. त्यांनी स्वतःचा आणि लंडनमधले सहकारी डॉ. यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४मध्ये छापला. उंची-वजनावरून काढलेला निर्देशांक दोघांचा २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

तुमच्या वडिलांना ३८व्या वर्षी, कदाचित फारसे जाड नसताना, मधुमेह का झाला असेल, याचं एक उत्तर या फोटोत आहे. आणि म्हणून तुमच्या केसपेपरवर माझं लक्ष सर्वांत आधी जातं ते २.१ किलो या आकड्याकडे. कमी वजनाच्या जन्मलेल्या मुली मोठ्या होऊन गरोदर राहतात तेव्हा त्यांची साखर वाढण्याची शक्यता जास्त असते. आईची साखर वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवावं लागतं, अंगावर चरबी चढते, जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरते आणि पुढे त्यालाही मधुमेहाचा कल लागतो. म्हणजे पोटात पोषण कमी पडून बारीक जन्मलेली मुलगी पुढच्या पिढीत साखरेचं बाळ जन्माला घालू शकते. ही साखळी तोडायची जागा तुमच्या हातात आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्यापुढे आलं तर उपचार सुरू. ही तपासणी आत्ताच करून घ्या आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करा. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण टाळणाऱ्या पुष्कळ आहेत.

आता तुमच्या फॉलिक ॲसिडबद्दल. खरं तेच सांगते. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून बनतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात तेव्हा. त्यामुळे त्या नळीसाठी आठव्या आठवड्याची गोळी उशिराच झाली. पण ही नळी न मिटणं मुळात दुर्मीळ आहे. बहुसंख्य बाळांची नळी गोळीशिवायही नीट मिटते. ११ ते १४ आठवड्यांची आणि मग १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, त्यात हे दिसतं. झालेल्या उशिरासाठी स्वतःला शिक्षा देऊ नका. आपल्याकडे अर्ध्याअधिक बायका डॉक्टरकडे पहिल्यांदा येतात तोवर ते २८ दिवस उलटलेले असतात. हा दोष गोळी दिवस गेल्यावर द्यायच्या आमच्या पद्धतीचा आहे.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट माझ्या मते आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे बी-१२. पुण्याच्या त्या सहा गावांत फॉलिक ॲसिडची कमतरता जवळजवळ नव्हतीच, पण सुमारे ६० टक्के गरोदर बायकांचं बी-१२ कमी होतं. बाळं सहा वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या आईचं फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे मधुमेहाकडे झुकण्याचं, प्रमाण सर्वांत जास्त निघालं. नवव्या वर्षी पाहिलं तर बी-१२ कमी असलेल्या आयांची मुलं एकाग्रतेच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत थोडी मागे होती. याचा अर्थ फॉलिकची गोळी बंद करा असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की जोडीने बी-१२ तपासा, कमी असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या. शुद्ध शाकाहारी घरात हे जीवनसत्त्व फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून येतं. चहात घातलेलं दोन चमचे दूध मोजू नका. अंडं किंवा मासे चालत असतील तर उत्तमच.

सासूबाई, आता तुमच्याशी बोलते. तुमची काळजी खरी आहे. तुमच्या आईने तुम्हालाही हेच सांगितलं असणार, कारण त्या काळी गावात सिझर नव्हतं आणि अडलेलं बाळंतपण म्हणजे मरण होतं. पण जेवण कमी केल्याने बाळाचं डोकं फारसं लहान होत नाही. शरीर मेंदूला शेवटपर्यंत सांभाळतं आणि काटकसर करतं ती स्नायूंवर, यकृतावर, मूत्रपिंडावर. बाळ अडवतं डोकं, आणि उपासमार होते बाकीच्या अंगाची. प्रमाणाबाहेर मोठं बाळ पुष्कळदा साखरेमुळे होतं, म्हणून ताट कमी करण्याऐवजी तपासणी करा. दुसरं, ताटात किती यापेक्षा काय, हे जास्त महत्त्वाचं ठरलंय. पुण्याच्या अभ्यासात आईने एकूण किती खाल्लं याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध ज्या बायकांच्या जेवणात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं भरली. मेथी, तांदळी, शेवग्याचा पाला, पेरू, केळं, वाटीभर दही, बाजारात महाग असं यात काही नाही. सुनेच्या ताटात पालेभाजी शेवटी उरलेली चमचाभर नको, पहिल्यांदा वाढलेली असू द्या.

आणि कामाचं. त्याच गावांत ज्या बायकांना गरोदरपणात जास्त कष्टाचं काम होतं, शेतातलं, पाणी भरण्याचं, त्यांची बाळं बारीक निघाली. तुमच्या घरी हंडे नसतील, पण आठ तास ऑफिस आणि त्यापुढे स्वयंपाकघर हाही हंडाच. दुपारी किंवा संध्याकाळी तासभर डाव्या कुशीवर पडणं ही चैन नव्हे.

जाता जाता एक विचारून ठेवते, कारण माझ्या ओपीडीत रोज विचारावं लागतं. 'तंबाखू खाता का?' म्हटलं की बायका ठाम नाही म्हणतात. 'मिसरी लावता का?' म्हटलं की लगेच हो म्हणतात, कारण ती त्यांच्या लेखी दात घासण्याची पूड असते. काही जणी सकाळ-संध्याकाळ लावतात, काही दिवसातून पाच वेळा. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिसरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहाएक दिवस आधी जन्मलेली आढळली. घरात कुणी लावत असेल तर डबी आजच बाहेर.

मनाच्या आरोग्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला आणि माणशी रोजचं रेशन ४०० ते ८०० कॅलरीवर आलं. मे १९४५मध्ये सुटका झाली. उपासमार अशी ठरावीक तारखांत बसलेली असल्यामुळे कोणतं बाळ कितव्या महिन्यात उपाशी होतं हे नेमकं सांगता आलं. शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेली बाळं हलकी जन्मली आणि पुढे साखरेच्या तक्रारी घेऊन आली. पहिल्या महिन्यांत झालेली बाळं वजनाने नीट होती, पण पन्नाशीत त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. उपासमारीच्या कडेलोटात गर्भधारणा झालेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट निघालं. चीनमधल्या १९५९ ते १९६१च्या दुष्काळातही तसंच आढळलं. पण दुप्पट म्हणजे किती, हे नीट ऐका: शंभरात साधारण एकाच्या जागी दोघं. उरलेली अठ्ठ्याण्णव मुलं या आजारापासून दूरच राहिली, आणि ती कुठल्या उपासमारीतून आली हे लक्षात घ्या. तुमची दुपारची हुकलेली जेवणं त्या जातीची नाहीत.

ताणाचंही तसंच. कॅनडातल्या क्विबेकमध्ये जानेवारी १९९८ला बर्फाचं वादळ झालं. लाखो लोक भर थंडीत विजेविना राहिले, काही जण चाळीस दिवस. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांची मुलं संशोधकांनी वर्षानुवर्षं पाहिली. ज्यांच्या आयांनी प्रत्यक्ष हाल जास्त सोसले, किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, त्यांची मुलं दोन वर्षांची असताना बोलण्यात थोडी मागे होती. आईला मनातून किती घाबरायला झालं, याचा संबंध त्यामानाने कमी लागला. मला हा भाग फार दिलासा देणारा वाटतो. आजवर कितीतरी बायका माझ्यासमोर 'मी रडले म्हणून बाळाला काही झालं असेल का' असं विचारत रडल्या आहेत. वारेत एक एन्झाइम असतं, ते आईच्या ताणाच्या संप्रेरकाचा बराचसा भाग बाळाकडे जाण्याआधीच निष्प्रभ करतं. रोजची चिडचिड, काळजी, सासऱ्यांच्या आजारपणातली धावपळ याला हा बांध पुरतो. तो कमी पडतो ते महिनोन्महिने चालणाऱ्या मारहाणीला, उपासमारीला आणि उपचार न केलेल्या नैराश्याला. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशात मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं असं असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच. गरोदरपणात देता येतील अशी औषधं आहेत. ती आधीपासून चालू असतील तर मनाने बंद करू नका.

गर्भसंस्काराबद्दलही विचारलंत. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून बाळाला ऐकू येतं आणि जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं, हे खरं. गा, वाचा, श्लोक म्हणा, तुम्हाला शांत वाटेल ते करा. पण हजारोंचं पॅकेज घेऊन बी-१२ची तपासणी राहिली असेल, तर आधी ती करा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तुमच्या आई १९७३च्या, आजी पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, असं तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात. ती ओळ मी दोनदा वाचली. मुलीच्या बीजकोशातली सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे तुम्ही ज्या बीजातून आलात ते तयार झालं तेव्हा तुमची आई आजीच्या पोटात होती, आणि आजी उन्हात, परदेशी मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडीवर दिवस काढत होती. तुमचं २.१ किलो त्या दुष्काळातून आलं असं मी म्हणणार नाही, एका माणसाबद्दल असा हिशेब लावता येत नाही. पण तुमच्या पोटातलं बाळ फक्त तुमच्या गेल्या अकरा आठवड्यांच्या डब्यावर वाढतंय, हेही खरं नाही. तुमची उंची, तुमच्या हाडांतलं कॅल्शियम, यकृतातलं बी-१२, रक्तातलं लोह, ही तुमच्या लहानपणापासून बांधत आलेली शिदोरी आहे. त्यात तुमची आई आहे, शाळेतला डबा आहे, पाळी आल्यावर कुणी हिमोग्लोबिन तपासलं की नाही हे आहे. नऊ महिन्यांचा सगळा जाब एकट्या गरोदर बाईला विचारणं म्हणून मला अन्यायाचं वाटतं.

बाळ जन्मल्यावरही हाच धागा पुढे जातो. बारीक जन्मलं तर त्याला घाईने गुटगुटीत करू नका. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह किंवा त्याची सुरुवात दिसली ती बहुतेक जण तान्हेपणी बारीक होती आणि दोन वर्षांनंतर वजनाच्या पायऱ्या भराभर चढत गेली होती. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग घरचं जेवण. चहा-बिस्किटाची सवय नको.

आणि नणंदबाईंसाठी. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक प्रयोग झाला. ज्यांना अजून दिवस गेले नव्हते अशा बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. तो ज्यांना गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून मिळाला त्यांच्याच बाळांचं वजन थोडं वाढलं. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटात १२.४ टक्के होतं, तर हा खाऊ मिळालेल्यांमध्ये ७.३ टक्के. गोळ्यांशिवाय, रोजच्या खाऊने. ही मुलगी १६ वर्षांची आहे, लग्नाला अजून पुष्कळ वर्षं आहेत, आणि नाही केलं तरी हाडं आणि रक्त तिचंच आहे. शाळा-कॉलेजात आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती फेकून देते का, प्रेमाने विचारा. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि आधी-नंतर तासभर चहा नको. तुम्ही या आठवड्यात साखरेच्या तपासणीला जाल तेव्हा तिलाही सोबत न्या, हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही बघून घ्या. हिमोग्लोबिनसाठी उपाशी राहावं लागत नाही. तिला पोटभर खाऊन यायला सांगा.